कूळ आणि कूळ : स्कॉटलंडच्या हायलँडरांची गोष्ट

अळवावरचं पाणी :

नमस्कार मंडळी. सहा वर्षांपासून इन्व्हर्नेसला राहते. भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला. लॉक नेसच्या काठावर राक्षसाची वाट बघायची, किल्ट घातलेल्या एखाद्या पाइपरशेजारी फोटो काढायचा, शॉर्टब्रेडचे डबे घ्यायचे, झाला स्कॉटलंड. ह्या मे महिन्यात माझे मोठे दीर आले होते. बत्तीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. राक्षस त्यांनी पाच मिनिटांत निकालात काढला ("दिसला तर कळव, पंचनामा करू"). म्हटलं चला, उत्तरेला जाऊ.

दोनेक तासांनी आल्टनाहॅराच्या पुढे रस्ता एका तळ्याच्या आणि मग नेव्हर नदीच्या काठाने जायला लागतो. हे स्ट्रॅथनेव्हर. रुंद खोरं, नदीकाठी गाळाची सपाट जमीन, आणि मैलच्या मैल घर नाही. भाऊजींनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून बुटाने माती उकरून बघितली आणि म्हणाले, "पाणी आहे, माती बरी आहे, उतार बरा आहे. गाव कुठे गेलं?"

हा प्रश्न मला सहा वर्षांत एकाही पाहुण्याने विचारला नव्हता. बाकी सगळे "काय निसर्ग आहे!" म्हणतात. तो नुसता निसर्ग नाही. माणसं काढून टाकल्यावर उरलेली जागा आहे ती.

आता जरा मागून सांगते. डोंगराळ स्कॉटलंडात, म्हणजे हायलँड्समध्ये, माणसं क्लॅनमध्ये राहायची. गेलिक भाषेत ह्या शब्दाचा मूळ अर्थ मुलंबाळं. आपण मराठीत त्याला 'कूळ' म्हणू. सगळेच सरदाराच्या रक्ताचे असत असं नाही, पण नाव एक, निष्ठा एक. सरदाराची श्रीमंती मोजायची ती त्याच्या हाकेला किती तलवारी धावून येतात त्यावर. त्या बदल्यात त्या खोऱ्यात राहायचा माणसांचा हक्क. ह्या हक्काला गेलिकमध्ये दूखस म्हणतात. पिढ्यान्पिढ्या आपण इथले, म्हणून ही जागा आपली. कागद नाही, पण दोन्ही बाजूंना मान्य.

१६ एप्रिल १७४६ला इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या माळावर जॅकोबाइट फौजेचा तासाभरात चुराडा झाला. जॅकोबाइट म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंड करणारे, आणि त्यांत बरीच हायलँडी कुळं होती. ती जागा आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, कधी कुणी आलात तर अवश्य दाखवीन. बंड मोडल्यावर सरकारने सरदारांचे वंशपरंपरेचे न्यायाधिकार काढून घेतले. तलवारींचा उपयोग संपला. सरदार हळूहळू एडिंबरा-लंडनला राहायला लागले, तिथल्या खर्चाला रोकड लागायला लागली, आणि कुळातली माणसं म्हणजे तुटपुंजा खंड देणारी नुसती गर्दी दिसायला लागली. आपल्या भाषेची गंमत बघा : घराण्यालाही कूळ, आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही कूळच. त्या ऐंशीएक वर्षांत सरदारांनी पहिल्या कुळाचं दुसरं कूळ करून टाकलं.

मग आली शेव्हियट जातीची मेंढी. थंडीत टिकणारी, भरपूर लोकर देणारी. दक्षिणेकडचा मेंढपाळ-व्यापारी एका खोऱ्यासाठी एकरकमी जेवढा खंड द्यायला तयार होता, तेवढा शंभर कुटुंबं मिळूनही देऊ शकत नव्हती. स्ट्रॅथनेव्हर येतं सदरलंड परगण्यात. त्याची मालकीण काउंटेस एलिझाबेथ. तिचा नवरा लॉर्ड स्टॅफर्ड, इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. त्यांच्या कारभाऱ्यांपैकी पॅट्रिक सेलर हा वकील. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या लोकांना घरं सोडायच्या नोटिसा ह्याने दिल्या, आणि रिकामी होणारी जमीन मेंढ्यांसाठी घेतली कुणी? ह्यानेच. भाऊजी हे ऐकून म्हणाले, "आमच्याकडे निलंबित झाला असता." (मग थोडं थांबून : "बहुतेक.")

त्या भागात झाडं कमी, त्यामुळे घराचं आढं नि वासे हीच माणसाची खरी मालमत्ता. कुठेही गेलं तरी बरोबर न्यायची. लोकांनी परत येऊ नये म्हणून सेलरच्या माणसांनी छपरंच पेटवली. बॅडिनलॉस्किन नावाच्या ठिकाणी मार्गारेट मॅके नावाची शंभरीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली बाई होती. पेटत्या घरातून तिला बाहेर काढलं, पण थोड्याच दिवसांत ती गेली. स्थानिक न्यायाधिकाऱ्याने सेलरला अटक केली. १८१६ला इन्व्हर्नेसमध्ये खटला चालला, सेलर निर्दोष सुटला. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी गेली आणि वर त्याने सेलरला माफीपत्र लिहून दिलं. १८१९ला त्याच खोऱ्यात पुन्हा जाळपोळ झाली.

हुसकलेल्यांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले. मुद्दाम लहान. निव्वळ शेतीवर पोट भरू नये, म्हणजे झक मारत मासेमारी करतील, किंवा समुद्री शेवाळ जाळून त्याची राख काचेच्या नि साबणाच्या कारखान्यांना विकतील, आणि त्यातही मालकाचा वाटा. केथनेसच्या सीमेवर बॅडबे नावाचं असंच एक गाव कड्याच्या टोकावर होतं. वाऱ्याने उडून खाली पडू नयेत म्हणून बायका कामाला बसताना गुरांना नि लेकरांना दोरीने बांधून ठेवत, असं तिथे सांगतात. मी तिथे उभी राहिले आहे. पटतं.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी शेवटी मनातलं विचारलं. "सातबारा कुणाच्या नावावर होता?"

तर ऐका. स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या व्यवहारांची राष्ट्रीय नोंदवही १६१७ पासून आहे. रजिस्टर ऑफ सेसिन्स म्हणतात. त्याआधी आणि नंतरही बराच काळ ताबा देताना प्रत्यक्ष त्या शेतात जाऊन मूठभर माती नि दगड हातात देत. भाऊजी खूश झाले. मग मी म्हटलं, ह्या नोंदवहीत स्ट्रॅथनेव्हरच्या एकाही शेतकऱ्याचं नाव मालक म्हणून नव्हतं. मालक म्हणून नाव एकच, वाड्यातलं. ते इन्व्हर्नेस येईपर्यंत काही बोलले नाहीत.

---

स्वल्पविराम :

वाचनखूण साठवली. कूळ-कूळ हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

---

अळवावरचं पाणी :

धन्यवाद. पण पुढचा भाग वगैरे नाहीये हो, जे काय होतं ते एकदाच ओतलं. आता तुम्ही लिहा.

---

घाटमाथा :

सुंदर. तो दूखस शब्द वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती आपली मिरास. पेशवाईत गावात दोन प्रकारचे शेतकरी : मिरासदार आणि उपरी. मिरासदार सारा भरतोय तोवर त्याला कुणी हलवू शकत नाही. परागंदा झाला नि वर्षांनी परत आला तरी त्याची थळ, म्हणजे जमीन, त्याला मिळायची. फरक असा की मिरासीला कागद होते, गोतसभा होती, साक्षीदार होते. वाद झाला तर शंभर वर्षांपूर्वीचं मिरासपत्र काढून दाखवत. हायलँडरांकडे तसं काही दिसत नाही. त्यांचा सगळा भरवसा सरदाराच्या लाजेवर.

आणि आता गंमत. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा जो अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहिला, त्यात ह्या मिरासदारांबद्दल बरंच बारकाईने लिहिलंय. कोणत्या साली? १८१९. म्हणजे ज्या वर्षी स्ट्रॅथनेव्हर दुसऱ्यांदा जळत होतं, त्याच वर्षी एक स्कॉटिश माणूस पुण्यात बसून आमच्या कुणब्याचा जमिनीवरचा परंपरागत हक्क काय आहे ते समजून घेत होता.

---

अळवावरचं पाणी :

घाटमाथा, हे तर अफलातून. साल जुळवून बघायचं मला सुचलं नाही.

"सरदाराच्या लाजेवर" हे अगदी खरंय. त्या काळातल्या गेलिक कविता (भाषांतरातूनच वाचल्यात, माझं गेलिक सुप्रभात-आभार एवढंच) एका गोष्टीने चकित करतात. शिव्या मेंढ्यांना, शिव्या कारभाऱ्याला, शिव्या दक्षिणेकडच्या मेंढपाळाला. सरदाराला मात्र बराच काळ कुणी थेट बोलत नाही. "मालक चांगला, दिवाणजी वाईट." ओळखीचं वाटतं ना?

---

कांदेपोहे :

एक बाळबोध प्रश्न. किल्टवर इंग्रजांनी बंदी घातली होती ना? मग आता प्रत्येक स्कॉटिश लग्नात नि राजघराण्याच्या फोटोत तोच कसा?

---

अळवावरचं पाणी :

बाळबोध अजिबात नाही, हाच तर सगळ्यात चविष्ट भाग.

बंदी होती. कलोडननंतर कायदा झाला आणि ऑगस्ट १७४७ पासून पुरुषांना नि मुलग्यांना हायलँडी पोशाख घालायला मनाई. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. सूट कुणाला? सरकारी फौजेतल्या शिपायांना. म्हणजे आजोबांचा कपडा अंगावर घालायचा तर राजाच्या पलटणीत भरती व्हा. पस्तीस वर्षांनी, १७८२ला, बंदी उठली, तोवर डोंगरातल्या साध्या माणसाची ती सवय मोडली होती.

आणि जो किल्ट आपण बघतो, कमरेखालचा, शिवलेल्या चुण्यांचा, तो मुळात फार जुना नाहीच. जुना होता तो पाच-सहा वार लांब पट्टा. जमिनीवर पसरून चुण्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर. रात्री तेच पांघरूण. (आपल्या काष्ट्याच्या धोतराला नि घोंगडीला एकत्र केल्यासारखं.) अर्धा कापून सुटसुटीत करण्याचं श्रेय १७२०-३०च्या सुमारास ग्लेनगॅरीत लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सनला दिलं जातं. हा गृहस्थ इंग्रज! इथल्या पबमध्ये हे मोठ्याने बोलू नये.

१८२२ला राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. बऱ्याच पिढ्यांनी राजाचे पाय स्कॉटलंडला लागत होते. सोहळ्याची सूत्रं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या हाती. त्याने फर्मान काढलं की सगळ्यांनी हायलँडी पोशाखात यायचं. मग काय, ज्यांच्या आज्यांनी डोंगरातल्या लोकांना 'चोर' म्हणत दारं लावून घेतली, ते सखल भागातले वकील-व्यापारी शिंप्यांकडे धावले. राजा स्वतः किल्ट घालून आला, खाली गुलाबी तंग विजार. "ह्या घराण्याचा हा टार्टन (म्हणजे रंगीत चौकड्यांच्या कापडाचा नमुना)" हे कोष्टकही तेव्हापासूनच पक्कं व्हायला लागलं. बॅनकबर्नची विल्सन कंपनी आधी नमुन्यांना नंबर देत असे, मग नावं द्यायला लागली, कारण नावं जास्त खपतात. १८४२ला दोन भावांनी सोळाव्या शतकातलं हस्तलिखित सापडल्याचा दावा करून टार्टनचं पुस्तक छापलं. ते चक्क बनावट निघालं, पण त्यातले बरेच नमुने आजही लग्नांत मिरवतात.

आणि त्या १८२२च्या समारंभात सगळ्यात कडकडीत हायलँडी पोशाखात कोण होता? ग्लेनगॅरीचा सरदार मॅकडॉनेल. 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढणारा. स्वतःच्या जमिनीवरची माणसं काढून मेंढ्या घालणाऱ्यांत तोही होताच.

---

खडूस आजोबा :

लेख चांगला आहे, पण रडगाणं जरा एकतर्फी झालंय म्हणून लिहितो.

१) स्कॉटलंड म्हणजे फक्त हायलँड्स नव्हे. बहुसंख्य लोक सखल भागात राहत होते आणि राहतात. त्यांची भाषा गेलिक नव्हे, स्कॉट्स. रॉबर्ट बर्न्सने लिहिलं ती. चार विद्यापीठं १६०० सालाच्या आतली आहेत : सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, अबर्डीन, एडिंबरा. ॲडम स्मिथ, ह्यूम ह्याच मातीतले.

२) कलोडनला "इंग्रज विरुद्ध स्कॉट" अशी लढाई नव्हती. सरकारी बाजूनेही स्कॉटिश पलटणी लढल्या. कॅम्पबेल हे हायलँडी कूळ तर त्यात होतंच.

३) इंग्लंड-स्कॉटलंडचं १७०७चं एकीकरण कुणी लादलं म्हणता? पनामाच्या किनाऱ्यावर डेरियनला वसाहत करायच्या नादात १७०० पर्यंत स्कॉटिश सरदार-सावकारांनी देशाचा मोठा पैसा बुडवला. करारात इंग्लंडने जवळजवळ चार लाख पौंड मोजले, त्यातून डेरियनच्या भागधारकांचं नुकसान भरून निघालं. स्वतःच्या पार्लमेंटने ठराव करून स्वतःला विसर्जित केलं.

आणि आमच्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉट, त्याच्यानंतरचा जॉन माल्कम स्कॉट (महाबळेश्वरची बाजारपेठ माल्कम पेठ, ती ह्याचीच), साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ स्कॉट, विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन स्कॉट. बिचारे बळी!

---

अळवावरचं पाणी :

आजोबा, तिन्ही मुद्दे मान्य. सेलरही सखल भागातला, मरेचा. म्हणून तर धाग्याच्या नावात 'हायलँडर' लिहिलं. पण काउंटेस त्याच कुळाची होती, तिचं काय करायचं?

---

घाटमाथा :

ग्रँट डफचं नाव निघालंच आहे म्हणून. हा बॅन्फचा. साताऱ्याला असताना बखरी, दप्तरं जमवून लंडनला १८२६ला मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत काढला. त्याचं मराठी भाषांतर कॅप्टन डेव्हिड केपनने केलं आणि आपल्याकडे दोन-तीन पिढ्या शाळेत तेच 'मराठ्यांची बखर' म्हणून शिकल्या. नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्याच्यावर टीका लिहिली, मग पुढे राजवाडे वगैरे. म्हणजे आपल्या इतिहाससंशोधनाची सुरुवात एका अर्थी ह्या स्कॉट माणसाशी भांडण्यातून झाली.

---

जालनेकर :

मी इथे सहसा नुसता वाचतो. आज लिहिल्याशिवाय राहवेना.

माझं आजोळ असईपासून जवळ. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. शाळेत आम्हाला शिकवलं "इंग्रजांनी हरवलं". मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच होत्या, ७४वी आणि ७८वी. दोन्ही हायलँडर! ७४वी चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि गावातल्या नि समोरच्या तोफांच्या माऱ्यात सापडली. जवळजवळ कापली गेली. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले नाहीतर जखमी झाले. ७८वी नदीच्या बाजूने सरळ चालत येऊन तोफांवर पडली. आमच्या तोफची शेवटपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत, हे वेलस्लीच्या बाजूच्या लोकांनीही लिहून ठेवलंय. ह्या लढाईबद्दल दोन्ही पलटणींना निशाणावर हत्तीचं चिन्ह मिळालं. त्याच्या महिना-दीड महिना आधी अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावून चढले तेही ७८वीचेच.

तर माझा प्रश्न : ज्यांची स्वतःची घरं जात होती, ती माणसं सात समुद्र ओलांडून आमच्या शिवारात मरायला नि मारायला का आली?

---

अळवावरचं पाणी :

जालनेकर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज ऑफिसमधून आल्यावर सगळं बाजूला ठेवून बसले.

७८वीला 'रॉस-शायर बफ्स' म्हणत. रॉस-शायर म्हणजे इन्व्हर्नेसच्या लगेच उत्तरेचा भाग. तिथे १७९२ सालाला गेलिकमध्ये 'मेंढ्यांचं वर्ष' असं नाव आहे. मेंढ्यांसाठी चराऊ कुरणं जायला लागली म्हणून रॉसचे लोक जमले, खोऱ्याखोऱ्यांतून हजारो मेंढ्या गोळा केल्या आणि त्या दक्षिणेकडे हाकत निघाले. एकाही माणसाला हात लावला नाही, नुसत्या मेंढ्या जिल्ह्याबाहेर घालवायच्या होत्या. सरकारने फौज बोलावली. कुठली? ब्लॅक वॉच, म्हणजे हायलँडरांचीच. लोक रात्रीतून पांगले, म्होरके पकडले.

१७९३ला फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि त्याच वर्षी सीफर्थच्या मॅकेंझी सरदाराने त्याच रॉस-शायरमधून आणि स्वतःच्या लुइस बेटावरून ७८वी पलटण उभी केली. कशी उभी करत? घरटी एक मुलगा द्या, तुमचं शेत कायम ठेवू. कुठे तोंडी वचन, कुठे दमदाटी. पोरगं पलटणीत गेलं की आईबापांची जमीन वाचेल ह्या आशेवर. १७९७ला ही पलटण भारतात आली, आणि दहा वर्षांच्या आत तुमच्या असईला.

का आली, ह्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. इकडे मरणाऱ्यांचं दुःख त्याने कमी होत नाही, हे कळतं मला.

सदरलंडचीही स्वतःची ९३वी पलटण होती. १८५४ला क्रिमियाच्या युद्धासाठी सदरलंडचा ड्यूक, म्हणजे त्या काउंटेसचा मुलगा, पुन्हा भरती करायला आला तेव्हा कुणी पुढे झालं नाही. एका म्हाताऱ्याने "आता मेंढ्यांनाच पाठवा लढायला" असं तोंडावर सांगितलं, ही गोष्ट इथे अजून सांगतात.

---

जालनेकर :

🙏 एवढंच.

---

मृदंगी :

धागा गंभीर झालाय, मी जरा पाइपकडे वळवतो. बॅगपाइप म्हणजे लग्नाच्या बँडसारखा गोंगाट असं मी समजायचो. मग एकदा पिबरॉक ऐकलं. हे पाइपचं 'मोठं संगीत', गेलिकमध्ये त्याला शब्दशः तेच नाव आहे. आधी संथ मूळ धून. तिला म्हणतात उर्लर, अर्थ 'जमीन'. मग एकेक पायरी चढत त्याच धुनेचे अधिकाधिक गुंतागुंतीचे विस्तार, आणि शेवटी पुन्हा जमिनीवर. तबला शिकलेल्याला सांगायला नको : कायदा, पलटे, परत कायदा. मागे तीन भोंगे अखंड षड्ज धरून असतात तो तंबोरा.

खरी मजा पुढे. हे संगीत कागदावर नव्हतं. गुरू शिष्याला तोंडी बोल म्हणून शिकवायचा. त्याला कॅन्टरॅक्त म्हणतात. स्वर म्हणजे धुनेतली मुख्य सुरावट, व्यंजनं म्हणजे त्याभोवतीचे कण. स्काय बेटावर बोररेग इथे मॅक्रिमन घराण्याची पिढीजात शाळाच होती, मॅक्लाउड सरदारांचे ते वंशपरंपरेचे पाइपर. आपल्याकडे घराणी होती, तशीच.

आणि एक सार्वत्रिक गैरसमज : "१७४६नंतर बॅगपाइपवर बंदी होती." कायद्यात बॅगपाइपचा उल्लेखच नाही. गैरसमजाचं मूळ बहुतेक जेम्स रीड. हा जॅकोबाइट पाइपर म्हणाला, माझ्याकडे शस्त्र नव्हतं. न्यायालय म्हणालं, हायलँडची पलटण पाइपशिवाय कूच करत नाही, म्हणून पाइप हेच शस्त्र. यॉर्कला फाशी दिलं.

---

उंबरठा :

मृदंगी, बोलांचं वाचून काटा आला. मला बायकांच्या बाजूचं सांगायचंय. पश्चिमेच्या बेटांवर हातमागावरून उतरलेलं लोकरी कापड ओलं करून, आठ-दहा-बारा बायका लांब फळीभोवती बसून ते आपटत-सरकवत घट्ट करत. तालात आपटायचं म्हणून गाणी. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं, आणि पालुपदात अर्थ नसलेली नुसती अक्षरं. ओळींमध्ये मात्र सगळं येतं. बुडालेला नवरा, लांब दिलेली लेक, गावातल्या अमक्याची टिंगल. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या सोडून मला दुसरं काही आठवेना. जातं एकटीदुकटीचं, हे दहाजणींचं, एवढाच फरक. मरेस्तोवर राबताना बाई गाते का रडते ते पुरुषांना कळू द्यायचं नाही, ही युक्ती दोन्हीकडे.

(कापड भिजवायला साठवलेलं मूत्र वापरत. माणसांचं. रंग पक्का होतो म्हणे. कुणी नाक मुरडू नका, आपल्याकडे सडासंमार्जन कशाने होतं ते आठवा.)

हॅरिस ट्वीड अजून त्याच बेटांवर होतं. १९९३च्या कायद्याने, बेटावर राहणाऱ्याने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं असेल तरच ते नाव.

---

कांदेपोहे :

हॅगिसबद्दल कुणीच कसं बोलेना? मेंढीचं काळीज, फुप्फुस, कलेजी, ओट्स, कांदा, मिरी, सगळं तिच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवलेलं. २५ जानेवारीला बर्न्सच्या जन्मदिवशी त्याच्यासमोर कविता म्हणून मग सुरी चालवतात. मी खाल्लंय. वजडी आवडणाऱ्या माणसाने घाबरायचं कारण नाही, पण बरोबर लसणीची चटणी न्या.

---

स्वल्पविराम :

अवांतर : माझ्या मॅनेजरचं आडनाव Menzies... माफ करा, देवनागरीत लिहिते, 'मेंझीज'. सहा महिने मी तसंच म्हणत होते. मग कळलं की उच्चार 'मिंगिस'. जुन्या स्कॉट्समध्ये एक वेगळंच अक्षर होतं, छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता, म्हणून त्याच्यासारखं दिसणारं दुसरं (z) लावलं, आणि चूक कायमची झाली. आपल्या आडनावांचं ते जे करतात त्याचा सूड परस्पर उगवला गेला म्हणायचा.

---

खडूस आजोबा :

बर्न्सचं नाव घेतलंत म्हणून एक. "माणूस शेवटी माणूस" म्हणणारा हा कवी १७८६ला जमैकाला, गुलामांच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून निघाला होता. पहिलं पुस्तक खपलं म्हणून राहिला. ग्लासगोत अजून जमैका स्ट्रीट आहे. तंबाखू नि साखरेच्या पैशावर ते शहर उभं राहिलं. आणि हायलँडमधल्या जमिनी विकत घेणाऱ्यांतही मळ्यांचा पैसा होता. हे धाग्यात नोंदलेलं असावं एवढंच. बाकी असईवरचा प्रतिसाद आवडला, बाई.

---

अळवावरचं पाणी :

आजोबांना आवडला! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

घाटमाथांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की पुढे कुळांचं काय झालं, ते इथेच लिहिते. १८८२ला स्कायवर ब्रेज गावच्या लोकांनी डोंगरावरचं चराऊ रान परत मागत खंड थांबवला. ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आणले, बायकांनी त्यांच्यावर दगडांचा वर्षाव केला. पेपरांत गाजलं, चौकशी आयोग बसला, आणि १८८६ला कायदा झाला. खंड वेळेवर देणाऱ्याला हुसकता येणार नाही, हक्क वारसाला जाईल, खंड आयोग ठरवेल. आपला १९४८चा कूळकायदा आठवेल, पण "कसेल त्याची जमीन" इथे झालं नाही. मालक तोच राहिला. आणि ज्या खोऱ्यांतून आधीच हाकललं होतं ती परत मिळाली नाहीत. स्ट्रॅथनेव्हर म्हणूनच अजून बरंचसं रिकामं आहे. गोल्स्पीच्या डोंगरावर पहिल्या ड्यूकचा, म्हणजे त्याच लॉर्ड स्टॅफर्डचा, पुतळा चौथऱ्यासकट शंभर फूट उंच उभा आहे. पाडायचे प्रयत्न झालेत. लोक त्याला 'मॅनी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा 'तो बुवा'.

मात्र असिंटला एक झालं. हाही जुन्या सदरलंड जहागिरीचाच भाग. मालक कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या शंभरेक शेतकऱ्यांनी वर्गणी काढून सुमारे २१ हजार एकर ३ लाख पौंडांना विकत घेतले. मग १९९७ला एग बेट तिथल्या रहिवाशांनी घेतलं, आणि २००३ला गावाला जमीन घ्यायचा पहिला हक्क देणारा कायदा आला.

हे सगळं काल रात्री भाऊजींना फोनवर वाचून दाखवलं. असईचं दोनदा वाचायला लावलं. असिंटपाशी आल्यावर म्हणाले, "फेरफार कधी पडला?"

म्हटलं, १९९३, फेब्रुवारी.

"आणि नोंदीत नाव लागलं त्यांचं? सगळ्यांचं मिळून?"

म्हटलं, ट्रस्टचं लागलं, हो.

"मग उतारा काढून पाठव," म्हणाले. "बघायचाय मला."